इटलीची मल्टी-सिटी ट्रिप ठरवताय? या चुका टाळा

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की माझ्या व्हॉट्सॲपवर लोकांच्या एक्सेल शीट यायला लागतात. "जरा बघ ना, बरोबर वाटतंय का." उघडायच्या आधीच मला माहीत असतं आत काय असणार. रोम २, नेपल्स १, फ्लॉरेन्स १, पिसा १, चिंक्वे तेर्रे १, मिलान १, व्हेनिस २ आणि शेवटी परत रोम. खाली मेसेज, "थोडं पॅक्ड आहे पण मॅनेज होईल." नाही होत हो मॅनेज. आणि मी तसं सांगितलं की उत्तर येतं, "पण बुकिंग झालंय." मग विचारता कशाला? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

शहरं मोजू नका, रात्री मोजा

सगळ्यात मोठा घोळ हाच. रोम ते फ्लॉरेन्स हायस्पीड ट्रेन दीड तासाची आहे, हे वाचून लोक खूश होतात, की चला, दीडच तास तर जाणार. अरे पण सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला चेकआऊट, टर्मिनी स्टेशन गाठायचं, तिथे बोर्डावर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो म्हणून माना वर करून उभं राहायचं, फ्लॉरेन्सला उतरलं की दगडी रस्त्यावरून खडखडत बॅगा ओढायच्या, हॉटेलवाला म्हणतो रूम तीनला मिळेल, मग बॅगा तिथेच टाकून जेवायला निघायचं तर अडीच वाजून गेलेले आणि बऱ्याच ठिकाणी किचन बंद, ते उघडणार थेट संध्याकाळी सात-साडेसातला. म्हणजे ट्रेन दीड तासाची आणि गेला अख्खा दिवस. असे सात मुक्काम बदलले तर बारा दिवसांतले किती हातात राहतात ते तुम्हीच बघा.

माझी पद्धत अगदी साधी आहे. कागदावर फक्त रात्री लिहायच्या, दिवस नाहीत. ज्या गावापुढे १ आलाय ते गाव खोडायचं. एकतर ते दुसऱ्या गावाहून दिवसाच्या फेरीत बसवायचं, नाहीतर सरळ सोडून द्यायचं. पिसा फ्लॉरेन्सहून साध्या रीजनल गाडीने तासाभरावर आहे, सकाळी जा, मनोरा बघा, तो फोटो काढायचा असेल तर काढा, दुपारी परत या. तिथे रात्र काढून काय करणार? सिएना पण फ्लॉरेन्सहूनच होतं. पॉम्पेईचे अवशेष नेपल्सहून. नऊ रात्री असतील तर मी व्हेनिस २, फ्लॉरेन्स ३, रोम ४ सांगतो आणि लोकांचे चेहरे पडतात. "मिलान नाही?" मिलानमध्ये लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या भित्तिचित्राचं तिकीट हातात असेल तर जरूर जा (पंधरा मिनिटांचा स्लॉट असतो, आयत्या वेळी मिळायची आशा धरू नका), नाहीतर ते कॅथेड्रल सुंदर आहे हे मान्य करून मी मिलान कापतो. यावर माझ्याशी भांडणारे आहेत, भांडू देत.

चिंक्वे तेर्रे, म्हणजे समुद्रकाठची ती पाच गावं, फ्लॉरेन्सहून एका दिवसात करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एका बाजूला दोन-अडीच तास, मग त्या गावांच्या मधल्या गाड्या, गर्दी, आणि त्यातल्या कोर्निलियाला स्टेशनपासून गावात चढायला ३८० च्या वर पायऱ्या. जायचंच असेल तर शेजारच्या ला स्पेझियाला दोन रात्री टाका आणि दुसरं काहीतरी कमी करा.

रोममध्ये उतरून रोमहूनच परत

हे दुसरं, आणि याचा मला जास्त राग येतो कारण हे फुकटात टाळता येतं. मुंबई-रोम-मुंबई रिटर्न काढायचं कारण ते स्वस्त दिसतं. मग उत्तरेत व्हेनिसपर्यंत जायचं आणि चार तासांची ट्रेन पकडून परत रोमला यायचं, फक्त विमान पकडायला. पाच जणांची ती ट्रेनची तिकिटं आणि वाया गेलेला दिवस कोणी हिशेबात धरतच नाही.

माझ्या मावसबहिणीच्या ऑफिसातलं एक कुटुंब, डोंबिवलीचं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. वर लिहिलेली शीट जवळजवळ त्यांचीच. शेवटच्या दिवशी सकाळी व्हेनिसहून ट्रेन, दुपारी रोम, संध्याकाळी फ्लाइट. कागदावर चार तासांचं बफर होतं, त्यामुळे सगळे निवांत. आणि त्या दिवशी रेल्वेचा संप. इटलीत याला शोपेरो म्हणतात आणि ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, वर्षभर चालू असते, शुक्रवारवर तर यांचं विशेष प्रेम. स्टेशनवर पोचले तर बोर्डावर त्यांच्या गाडीसमोर रद्द. जी गाडी सुटणार होती ती फुल. काउंटरवर ही लांब रांग, मुलं भुकेली, आजी बॅगेवर बसलेल्या, नवरा फोनवर बस शोधतोय आणि बायको टॅक्सीचा भाव विचारून परत आली ती पांढरी पडून. रोमला पोचले तेव्हा विमान उडून गेलेलं. ट्रेनचे पैसे परत मिळाले, कारण संपात गाडी रद्द झाली की मिळतात. पण विमानाच्या तिकिटाचा ट्रेनशी काय संबंध? ती दोन वेगळी तिकिटं, एअरलाइनच्या लेखी हे लोक आलेच नाहीत. पाच जणांची नवी तिकिटं, आयत्या वेळच्या भावात. आकडा त्यांनी मला सांगितला आहे, इथे लिहीत नाही, मलाच त्रास होतो.

आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे संप आधी जाहीर होतो. तिथे कायद्याने निदान दहा दिवसांची नोटीस द्यावी लागते, वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर तारखांची यादी असते. संपातही रीजनल गाड्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवाव्या लागतात, आणि लांबच्या काही ठरावीक गाड्यांची हमी असते, त्यांचीही यादी मिळते. निघायच्या आठवड्यात एकदा बघायला पाच मिनिटं लागतात. पण लोक त्या पाच मिनिटांत जिलातो (तिथलं आईस्क्रीम) कुठला चांगला याची रील बघतात.

तर, तिकीट काढताना रिटर्नच्या शेजारीच 'मल्टी-सिटी' असतं, ते दाबा. मुंबई-व्हेनिस आणि रोम-मुंबई. बरेचदा भाव रिटर्नच्या आसपासच येतो. दोन वेगवेगळी वन-वे काढू नका, ती महाग पडतात. आणि शेवटची रात्र जिथून विमान आहे त्याच शहरात. यावर मी कोणाचंही काही ऐकून घेत नाही.

ट्रेनची तिकिटं

इथे लोक बरोबर उलटं करतात. फ्रेच्चारोसा, इतालो या हायस्पीड गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं, ती आधी काढायला हवीत, तर म्हणतात तिकडे गेल्यावर बघू. आणि रीजनल गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आदल्या दिवशी घ्या नाहीतर दहा मिनिटं आधी घ्या, तर त्याची चिंता दोन महिने आधीपासून. हायस्पीडचं सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही, रिफंड नाही, त्या गाडीलाच चालतं, हे बारीक अक्षरात असतं पण असतं.

रीजनलचं कागदी तिकीट चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं. तिकीट खिशात आहे, पैसे भरलेत, तरी शिक्का नसेल तर दंड होऊ शकतो, आणि "आम्ही टुरिस्ट आहोत, माहीत नव्हतं" हे टीसी दिवसातून किती वेळा ऐकत असेल!

स्टेशनची नावं नीट वाचा. व्हेनिस मेस्त्रे म्हणजे पाण्यावरचं व्हेनिस नाही, तो मुख्य जमिनीवरचा भाग. सांता लुचिया हे खरं. मधे दहा-बारा मिनिटांची ट्रेन आहे, त्यामुळे मेस्त्रेला स्वस्त हॉटेल घेणं चूक नाही, पण खिडकीतून कालवा दिसेल या आशेवर घेऊ नका. तसंच पॉम्पेईचं. अवशेषांच्या दाराशी उतरवणारं स्टेशन आहे पॉम्पेई स्कावी, नेपल्स-सोरेंतो लोकलवरचं, त्या लाइनचं नाव चिर्कुमवेझुवियाना. सरकारी रेल्वेचं नुसतं 'पॉम्पेई' वेगळं आहे. त्या लोकलमध्ये पाकीट पुढच्या खिशात, मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

सोमवार

फ्लॉरेन्समध्ये एकच पूर्ण दिवस आणि तो सोमवार. हे मी इतक्या शीटमध्ये बघितलंय. उफित्सी गॅलरी सोमवारी बंद, मायकेलँजेलोचा डेव्हिड ज्या अकादेमियात आहे तीही बंद. रोमची बोर्गेझे गॅलरी आणि मिलानचं लास्ट सपर पण सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या रविवारी फुकट असतं म्हणून जी गर्दी होते त्यापेक्षा पैसे भरा. बुधवारी सकाळी पोपची सभा असते, तेव्हा सेंट पीटर्सच्या बाजूला जायचं टाळा.

कोलोसियमचं तिकीट साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि ते नावानिशी असतं, गेटवर ओळखपत्र बघतात. आपल्याकडे ही गंमत फार होते. पासपोर्टवर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं, आणि बुकिंग करणाऱ्या भाच्याने मामीचं घरातलं नाव टाकलेलं. पासपोर्ट समोर ठेवूनच फॉर्म भरा. भाच्याला फॉरवर्ड करू नका.

बाकीचं पटापट

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर टस्कनीच्या खेड्यांसाठी घ्या, शहरांसाठी नको. जुन्या भागात झेडटीएल नावाचा झोन असतो, परवानगीशिवाय आत गेलं की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर रेंटलवाल्याची वेगळी फी. आपल्या लायसन्सबरोबर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढावं लागतं, ते निघायच्या आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

व्हिसासाठी रात्री परत मोजा. शेंगेन व्हिसा युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो आणि अर्ज जिथे रात्री जास्त त्या देशाकडे, म्हणजे स्वित्झर्लंड ५ आणि इटली ४ असेल तर स्वित्झर्लंडकडे जातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी हवाच, आणि इन्शुरन्स ३०,००० युरोचा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं कॅन्सल होणारीच घ्या.

बॅग. व्हेनिसला पूल म्हणजे पायऱ्या, एक नाही, हॉटेलपर्यंत पाच-सहा सुद्धा. जी बॅग तुम्ही स्वतः एकट्याने उचलून जिना चढू शकत नाही ती घरी ठेवा. हॉटेल वापोरेत्तोच्या (तिथल्या पाण्यावरच्या बसच्या) स्टॉपजवळ बघा आणि लिफ्ट आहे का ते आधी विचारा, त्या डोंबिवलीच्या आजींना अख्ख्या इटलीतून लिफ्ट नसलेली हॉटेलंच पक्की आठवतात.

स्वस्त फ्लाइट बघताना एअरपोर्ट बघा. त्रेविझो म्हणजे व्हेनिस नाही आणि बर्गामो म्हणजे मिलान नाही, दोन्हीकडून वर बसचा प्रवास आहे.

ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऊन असतं, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथलेच लोक सुट्टीवर जातात, घरगुती खानावळी बंद.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचे पण. हॉटेलचा सिटी टॅक्स माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा असतो, बरेचदा तो तिथे गेल्यावरच द्यायचा असतो, म्हणून थोडी कॅश ठेवा. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते, आणि बिलात कोपेर्तो दिसला तर भांडू नका, तो बसायचा आकार आहे, मेन्यूवर लिहिलेला असतो. शाकाहारी असाल तर पिझ्झा-पास्त्याच्या पुढेही बघा, टस्कनीत रिबोलिता मिळतं, पाव-भाज्या-घेवड्याचं दाट सूप (मांसाचा स्टॉक नाही ना ते विचारून घ्या), आणि ला स्पेझियाकडे गेलात तर फारिनाता, चक्क बेसनाचं असतं, भट्टीतून काढलेलं गरम घ्या, वरून मिरपूड.