टीमचा चॅप्लेन व्हायचंय? मग आधी बॉलची पिशवी उचला

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका पोरानं परवा विचारलं, दादा मला फुटबॉल टीममध्ये चॅप्लेनचं काम करायचंय, सुरुवात कुठनं करू. हाच प्रश्न तिसऱ्यांदा आलाय म्हणून आता लिहूनच टाकतो.

चॅप्लेन म्हणजे टीमचा पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू), पण उपदेश करणारा न्हवं. लोक देवळात यायची वाट न बघता जिथं लोक आहेत तिथं जाणारा माणूस, हॉस्पिटलात असतो, मिलिटरीत असतो, तसाच खेळातपण. इंग्लंडमध्ये जॉन बॉयर्स नावाचे बॅप्टिस्ट पाळक १९७७ पासून वॉटफर्ड क्लबबरोबर होते, पुढं मँचेस्टर युनायटेडकडं गेले, आणि १९९१ ला त्यांनी खेळातल्या चॅप्लेन लोकांची संस्थापण काढली. आपल्याकडं असं पद कोण देत नाही, मागायलापण जाऊ नका. सकाळी प्रॅक्टिसला जायचं, बॉलची पिशवी उचलायची, कोन लावायचे, पाणी भरायचं. दोनतीन महिने एवढंच. बायबल घरात ठेवा, खरंच सांगतोय.

आता कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे. इथं टीम म्हणजे तालीम, आणि तालमीत मारुती आलाच. मॅचला निघताना नारळ फुटतो, पोरं पाया पडतात आणि मग शाहू स्टेडियमकडं गाड्या सुटतात. मी खेळायचो तेव्हा पाया पडत नव्हतो पण चप्पल काढून बाजूला गप उभा राहायचो, कुणी कधी काय म्हणालं नाही. अडचण व्हायची ती खोबऱ्याची. प्रसाद हातावर आला की घ्यायचा का नाही? ख्रिस्ती खेळाडू तुम्हाला पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारणार बघा.

खेळाडूंसमोर सगळे बायबलमधल्या प्रेषित पौलाचं ते शर्यतीचं वचन काढतात, करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच्या पत्रातलं, १ करिंथ ९:२४, सगळे धावतात पण बक्षीस एकालाच. चांगलंय, करिंथच्या जवळच त्या काळी इस्थमियन खेळ भरायचे म्हणून त्यानं ते उदाहरण घेतलं असणार. पण कोल्हापुरात उपयोगाचा त्याच्या आधीचा ८ वा अध्याय आहे, मूर्तीला वाहिलेलं खायचं का नाही ह्याच्यावरच तो आहे, आणि पौल सरळ हो किंवा नाही म्हणून मोकळा होत नाही, दुसऱ्याच्या मनाला ठेच लागेल का ते बघ म्हणतो. तो अध्याय पोराबरोबर बसून वाचा आणि त्याचं त्याला ठरवू द्या. ज्यानं खाल्लं त्याला झापायचं नाही आणि ज्यानं नाही घेतलं त्याला हिरो करायचं नाही.

रविवारच्या उपासनेचंपण तसंच. स्कॉटलंडचा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेलची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला १०० मीटरची हीट (पहिली फेरी) रविवारी म्हणून तो धावला नाही आणि ४०० मीटरला ४७.६ सेकंदात गोल्ड मारलं. पण लोक हे विसरतात की वेळापत्रक त्याला कितीतरी महिने आधी माहीत होतं, निर्णयही त्याचाच होता, आणि तयारी त्यानं ४०० ची केली. शनिवारी रात्री कोचला मेसेज टाकून उद्या उपासना आहे म्हणणं म्हणजे लिडेल होणं न्हवं. मॅच दुपारनंतर असते, अडतं ते सकाळच्या प्रॅक्टिसला, मग सीझनच्या आधीच कोचला भेटा आणि काहीतरी मधला मार्ग काढा.

बाहेरनं आलेली पोरं असतात, गोवा, मिझोराम, नायजेरिया. एका खोलीत तिघं चौघं, नाताळ नेमका सीझनमध्ये. त्यांना घरी जेवायला बोलवा, तांबडा-पांढरा बेतानं तिखट करा म्हणजे झालं. पण गोव्याचा पोरगा कॅथलिक असेल तर त्याला मिस्सा (कॅथलिक चर्चची उपासना) पाहिजे असते, त्याला ओढून आपल्या प्रोटेस्टंट वायल्डर मेमोरियल चर्चला नेऊ नका, मिस्साची वेळ विचारून त्याला तिथं सोडा.

खरं काम मात्र दुखापतीत असतं. एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेला की ऑपरेशन करून मैदानात यायला नऊ महिने तरी धरून चाला. पहिल्या आठवड्यात अख्खी पेठ घरी येते, फळं येतात, फोटो स्टेटसला पडतात. दुसऱ्या महिन्यात कोण फिरकत नाही, टीम त्याच्याशिवाय जिंकत असते, आणि तो भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत पडलेला असतो. तेव्हा जा. लवकर बरा होशील म्हणू नका, देवाचा काहीतरी प्लॅन असेल हे तर अजिबात नको, मला एकानं असंच म्हटलं होतं, अजून डोक्यात आहे. बसा, चहा घ्या, फिजिओकडं गाडीवरनं सोडा. प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाला तर नको, हिंदू मुसलमान पोराकडंपण तसंच जायचं आणि धर्म बदलायचा विषय काढायचा नाही. ज्याला विचारावंसं वाटतं तो स्वतःच विचारतो, बहुतेक वेळा गाडीवर मागं बसूनच.

आणि तो जे बोलला ते कोचला सांगायचं नाही, फिट आहे का, घरी काय चाललंय, कितीपण खोदून विचारलं तरी नाही. फक्त जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर गप बसू नका, लगेच घरच्यांना आणि डॉक्टरला सांगा, आणि सांगणार आहे हे त्यालापण आधी सांगा.

एक बारकी गोष्ट राहिली. गोल मारल्यावर जर्सी काढून आतल्या बनियनवरचं वचन दाखवायचं खूळ असतं काहींना. जर्सी काढली की यलो कार्ड, आणि धार्मिक घोषणा दाखवायला फुटबॉलच्या नियमात बंदी आहे. वर बोट करून आभार मानले तर कोण अडवत नाही, तेवढं पोराला आधीच सांगून ठेवा.