मेडिकल डिव्हाइस डिझाइन करताय? आधी वॉर्डातली डस्टबिन बघून या

पर्यावरणाचा विचार करून डिव्हाइस बनवायचं म्हटलं की सगळे आधी बायो-प्लास्टिकच्या मागे लागतात. ते राहू दे. कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी एखाद्या वॉर्डात जाऊन कचरा कसा टाकतात ते बघा. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत रंग ठरलेत, पिवळ्या पिशवीतलं बहुतेक जाळतात, लालमधल्या नळ्या-कॅथेटर निर्जंतुक करून रिसायकलला जातात, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. आता तुमचा एकेक पार्ट शेवटी कुठे पडणार ते कागदावर लिहून काढा, अर्धं डिझाइन तिथेच बदलतं.

पल्स ऑक्सिमीटरचंच घ्या. डिस्पोजेबल सेन्सरमध्ये लाल आणि इन्फ्रारेड एलईडी, फोटोडायोड (प्रकाश टिपणारा भाग), केबल, कनेक्टर एवढा सगळा माल असतो, बोटाला चिकटते फक्त पट्टी, पण पेशंट घरी गेला की अख्खं प्रकरण कचऱ्यात! मग पट्टी तेवढी वेगळी करा, ती फेका, सेन्सर ठेवा.

पण ठेवायचा म्हणजे पुसायचा, आणि सिस्टर घाईत असतात हो, त्यामुळे खाचा-फटी नकोत, कोपरे गोल ठेवा, आणि वॉर्डात खरंच वापरतात तेच जंतुनाशक आणून केसिंगवर महिनाभर रोज पुसून बघा, कारण पॉलीकार्बोनेट या कडक प्लास्टिकला काही केमिकल्सनी बारीक तडे जातात आणि मग रियुजेबल म्हणवणारी वस्तू भंगारात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करायचं असेल तर एबीएस प्लास्टिक विसरा. १२१ डिग्रीला पॉलीप्रॉपिलीन चालतं, वारंवार १३४ ला जाणार असेल तर पीपीएसयू हे प्लास्टिक, महाग आहे पण टिकतं.

पीव्हीसी जमेल तिथे टाळा, जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि डायॉक्सिन सोडतं. मात्र हे सुरुवातीलाच ठरवा, पेशंटच्या अंगाला लागणाऱ्या पार्टचं मटेरियल मधेच बदललं तर आयएसओ १०९९३ च्या (मटेरियल शरीराला अपाय करत नाही ना हे बघणाऱ्या) टेस्ट परत गळ्यात पडू शकतात, वेळ आणि पैसा दोन्ही गेलं.

जोडणीत गोंद नको, स्क्रू किंवा स्नॅप-फिट (दाबलं की खटकन बसणारी खाच) वापरा. कडक प्लास्टिकवर रबराची ग्रिप ओव्हरमोल्ड केली (साच्यातच वर चढवली) की दिसते भारी, पण ते दोन थर नंतर कोणी सोडवत बसत नाही. बॅटरीचं तर विचारूच नका, आमच्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये आम्ही सेल सोल्डर करून टाकला होता (स्वस्त पडतं म्हणून), म्हणजे सेल मेला की डिव्हाइस मेलं. साधे रिचार्जेबल एएए सेल बसतील असं झाकण द्या. आणि हो, २०२२ च्या ई-वेस्ट नियमांत मेडिकल डिव्हाइसही आलेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू, त्यामुळे जुना माल गोळा करून रिसायकल करवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. कागदपत्रांच्या बाजूने आयईसी ६०६०१-१-९ (मेडिकल इलेक्ट्रिकल उपकरणांच्या पर्यावरणपूरक डिझाइनचं स्टँडर्ड) वाचून ठेवा.

प्रोटोटाइप झाला की हॉस्पिटलच्या बायोमेडिकल इंजिनिअरच्या हातात एक साधा स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि उघडायला सांगा. तुम्ही गप्प बसून बघायचं, मदत अजिबात करायची नाही, आणि तो जिथे जिथे अडेल तिथे खूण करून ठेवायची.