कुंडीत मिरची कशी लावावी आणि ती का बोकडते

बाल्कनीत रोज सहा तास ऊन येत असेल तर दोन झाडांवर चौघांच्या घराची फोडणीची मिरची सहज निघते. बियाणं पेरायला जानेवारी-फेब्रुवारी, मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर यांपैकी कोणताही काळ चालेल. घरासाठी पुसा ज्वाला हा वाण चांगला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योतीही घ्यावी, तिला मिरच्या झुपक्याने लागतात.

एका झाडाला 12 इंची कुंडी किंवा रंगाची रिकामी बादली घ्या. बादली असेल तर आधी स्वच्छ धुवा आणि तळाला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा. कुंडी दोन विटांवर ठेवा, नाहीतर भोकं फरशीला टेकून बंद होतात. पोयटा माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कोकोपीट दोनदा धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. नुसती काळी माती भरू नका. ती वाळली की कडेने सुटते आणि घातलेलं पाणी मुळांना न मिळता भेगेतून खाली जातं.

बी आधी वेगळ्या भांड्यात अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. रोपं दाट झाली आणि माती सतत ओली राहिली तर ती बुडाशी पिचून कोलमडतात, म्हणून विरळ पेरा. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर उंच झालं की ऊन उतरल्यावर कुंडीत लावा आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवा.

मिरची तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरते. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. आत ओल लागली तर पाणी नको. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर तो नुसता उन्हाचा ताण. मात्र माती ओली असूनही पानं सकाळीच लोंबत असतील तर मुळं कुजत आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे झाड घालवणंच.

आता बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा, पानं आकसून वळण्याचा रोग. घरच्या मिरचीचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, म्हणून पान नीट पाहायला शिका. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. पान खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, तर पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. फुलकिडे पिवळसर, धाग्याच्या तुकड्यासारखे चालताना दिसतील. एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा, तेही पानांच्या खालच्या बाजूने. दर सात दिवसांनी, असं तीनदा. बहुतेकांची फवारणी फुकट जाते ती वरवर मारल्यामुळे. पानं बारीक, पिवळट होऊन झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. जीव तुटला तरी ते झाड उपटा, नाहीतर शेजारचंही जाईल.

फुलं गळतात ती बहुधा उन्हाळ्यात, पारा 35 अंशांच्या वर गेला की. दुपारपुरतं हिरवं शेडनेट बांधा. झाड हिरवंगार, पण फूलच नाही, तर खत जास्त झालंय. पंधरा दिवसांतून एक मूठ गांडूळखत पुरे.

लावणीनंतर साधारण दोन-अडीच महिन्यांत पहिला तोडा येतो. मिरची ओढू नका, फांदी मोडते. देठासकट कात्रीने कापा. दर चार-पाच दिवसांनी हिरव्याच काढत राहा. सगळ्या लाल होऊ दिल्या तर नवी फुलं कमी येतात. बियाण्यासाठी निरोगी झाडावरच्या दोन-तीनच लाल होऊ द्या. संकरित वाणाचं बी मात्र ठेवू नका, त्यातून तशीच मिरची येईल याचा भरवसा नसतो.