सीझनच्या ओटीचा (ओव्हरटाइमचा) घोळ : या चुका टाळा

आमच्या वाळवा-पलूस पट्ट्यात साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की महिन्याभरात फोन सुरू, "ओटी कमी आलाय, बघा की जरा." टाइम ऑफिसात चौदा सीझन काढले, चुका त्याच, माणसं फक्त बदलतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे वर्षाचा हिशोब. "पावसाळ्यात घरी बसून रिटेन्शन (कारखाना बंद असतानाचा अर्धामुर्धा पगार) घेतो की, मग सीझनला चार तास जास्त झाले तर काय बिघडलं?" असं कामगारच म्हणतो, मग साहेब तर म्हणणारच. ओटी आठवड्यावर निघतो ओ. दिवसाला 9 तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 च्या वर गेलं की दुप्पट दर, 1948 च्या फॅक्टरी ॲक्टपासून हे चालत आलंय आणि नव्या लेबर कोडमध्ये पण दुप्पटच आहे. जूनचा रिकामा वेळ जानेवारीत वळता होत नाही. आणि "नऊ तासापर्यंत ओटी नाही" हे अर्धवट ज्ञान, रोज 9 करून सहा दिवसाचे 54 होतात, म्हणजे 6 तास ओटी झालाच.

महिन्याचा पगार आहे म्हणून ओटी नाही, हे पण डोक्यातून काढा. मॅनेजमेंटच्या माणसांचं वेगळं, पण हातात पाना असलेल्याला कागदावर सुपरवायझर केलं म्हणून तो साहेब होत नाही.

आता नोंद. मी नवीन होतो, कारखान्याचं नाव नको. मिल हाऊसचा एक फिटर रात्री 8 ला यायचा, पहाटे 4 ला रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) गायब, हा दुपारी 12 पर्यंत थांबलेला, असं महिन्यात पाच वेळा झालं. मस्टरला (हजेरीच्या वहीत) मी एकच हजेरी मारलेली, आऊटचा टाइम कोरा. साहेबांनी तीन डबल (लागोपाठ दोन पाळ्या) मान्य केल्या, दोन गेल्या, माणसाचे 16 तास हवेत. माझ्या टेबलासमोर गप उभा राहिला, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला खिशात दहा रुपयाची डायरी ठेवायला लावतो, इन, आऊट आणि शिफ्ट इनचार्जची सही त्याच दिवशी. नवीन पोरं हसतात, ॲप टाकतात, आठ दिवसात कंटाळतात आणि मग महिनाअखेरीला आठवून आठवून तास सांगतात.

रात्री 12 नंतरचे तास आदल्या दिवसातच धरतात, तोडू देऊ नका.

दर काढताना नुसतं बेसिक नको, डीए (महागाई भत्ता) पण धरा, बोनस नाही. बेसिक डीए मिळून 20,800 असेल तर आमच्याकडं महिन्याच्या कामाच्या 26 दिवसांनी भागतात, दिवसाला 800, तासाला 100, ओटी 200. कुणी 30 नं भागला की तोच 173 वर येतो.

ओटीवर पीएफ कापत नाहीत. आठवड्याच्या सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी त्या महिन्यात नाहीतर पुढच्या दोन महिन्यात घ्या.

आणि गाळप बंद झाल्यावर एप्रिलमध्ये विचारायला येऊ नका, तेव्हा ऑफिसात मी आणि पंखाच असतो.