किडनी बसवल्यावर नागपुरात खोली घेताना

किडनी बदललेल्या पेशंटला सुट्टी मिळाली तरी लगेच गावी जाता येत नाही. पहिला महिना साधारण आठवड्यातून दोन-तीनदा रक्त तपासतात, आणि सिरोंचा किंवा एटापल्लीहून ते जमणं नाही. खोली ऑपरेशनच्या आधीच पाहून ठेवा. किती आठवड्यांसाठी घ्यायची, ते हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारा.

भाडं आणि अंतर सगळेच बघतात, कूलर कोणी बघत नाही. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते, टाकीतल्या साचल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि तीच हवा रात्रभर छातीत जाते. नव्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, म्हणून इतरांना जे सोसतं त्यानं पेशंटला न्यूमोनिया होऊ शकतो. उन्हाळ्यात थोडं भाडं जास्त पडलं तरी एसीचीच खोली घ्या. भिंतीला ओल, खिडकीत कबुतरं किंवा शेजारी बांधकाम दिसलं तर दुसरी शोधा. संडास स्वतंत्र हवा.

सोबतीला किडनी देणाऱ्याला धरू नका. आईनं दिली असेल तर टाके तिलाही आहेत. सुमारे सहा आठवडे तिनं पाण्याचा गुंड उचलायचा नाही. दोन धडधाकट माणसं आलटून-पालटून ठेवा, पेरणीत कोण थांबणार तेही आधीच ठरवा. वावरातून, कोठ्यातून आलेल्यानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय खोलीत येऊ नये.

थर्मामीटर, बीपी मशीन, वजनकाटा, लघवीचं मापाचं भांडं आणि एक वही घ्या. वजन एका दिवसात किलोभर वाढलं, लघवी घटली किंवा ताप 100.4 फॅरनहाइटला गेला तर रात्री दोनलाही हॉस्पिटलला फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दुखण्याची औषधं किडनीला मारक. ओळखीच्या डॉक्टरनं दिलं तरी नको.

सगळ्यात जास्त घोळ रक्ताच्या दिवशी होतो. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बहुतेकांना 12-12 तासांनी असते. रात्री 9 ला घेतली असेल तर सकाळी 9 ला आधी रक्त, मग गोळी. गोळी घेऊन गेलात तर रक्तातली औषधाची पातळी खोटीच जास्त दिसते, डोस कमी केला जातो आणि शरीर किडनी नाकारू शकतं. म्हणून सकाळची गोळी खिशात न्या.

पाणी गंजात खळखळून उकळा. भाजीवरचा कच्चा सांभार, कोशिंबीर आणि ठेल्यावरचा रस सुरुवातीला बंद. पपनस तर नकोच, त्यानं औषधाची पातळी चढते. संत्र्याचं तसं नाही, पण पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून विचारा.

गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की नव्या आणा, आणि दुकानदारानं स्वस्त दिली तरी कंपनी बदलू नका.