सरकारी चष्मा पाहिजे तर आधी दुकानात जाऊ नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

आमची मावशी खानापूर तालुक्यातली. तिनं काय केलं, बेळगावात येऊन १८०० रुपयांचा चष्मा करून घेतला आणि मग बिलाची घडी घालून सरकारी दवाखान्यात गेली, कारण कुणीतरी सांगितलेलं की पैसे परत मिळतात. काउंटरवरच्या बाईनं बिल हातात पण घेतलं नाही. "आज्जी, हितं चष्मा मिळतो, पैसे नाही." झालं, मावशी संध्याकाळच्या गाडीनं परत.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चाललाय, त्यात शाळेतल्या गरजू पोरांना आणि गरीब म्हाताऱ्या माणसांना जवळचं वाचायला फुकट चष्मा देतात, पण वस्तू देतात, तुमचं बिल भागवत नाहीत. म्हणून आधी तालुका दवाखाना नाहीतर बेळगावातला बिम्स हा मोठा सरकारी दवाखाना, तिथं डोळे तपासून नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि तिथंच स्पष्ट विचारायचं की ह्या चिठ्ठीवर चष्मा इथनंच मिळतो का आणि कधी. स्टॉक नसला तर यादीत नाव घालून या, नुसतं "बरं" म्हणून उठू नका.

दुसरी चूक आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरची खास. कोल्हापूर, चंदगडकडचे पाव्हणे व्हॉट्सॲपवर पाठवतात, मुख्यमंत्री वयोश्री योजना, ३००० रुपये थेट खात्यात, चष्म्यालाही चालतात. खरं आहे, पण ती महाराष्ट्राची योजना, ६५ च्या पुढच्या महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी. आधारवर पत्ता बेळगाव जिल्ह्याचा असला की फॉर्म भरून देणाऱ्याला दिलेले पैसे तेवढे जातात. घोळ नावामुळं होतो, कारण राष्ट्रीय वयोश्री म्हणून केंद्राची वेगळी योजना आहे, २०१७ ची, ती आपल्याला चालते: वय ६० च्या वर, आणि बीपीएल नाहीतर महिन्याचं उत्पन्न १५ हजारांच्या आत. काठी, कानाची मशीन, कवळी, त्यातच चष्माही. पण हे कॅम्पमधनं मिळतं आणि कॅम्प दोनदा असतो, आधी तपासणीचा, नंतर वाटपाचा. लोक वाटपाच्याच दिवशी ट्रॅक्स भरून जातात आणि पहिल्या कॅम्पची पावती नाही म्हणून हात हलवत येतात.

महाराष्ट्रानं ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली तेव्हा पण कितीजण चष्म्याचं विचारत होते. ती योजना मोठ्या उपचारांसाठी, ॲडमिट होऊन ऑपरेशन वगैरे. आपल्याकडचं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्डही तसंच, ते दाखवून दुकानातला चष्मा मिळत नाही.

कागदांचं म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे आपल्याकडच्या महसूल ऑफिसातनं, आधीच काढून ठेवा. आणि नावाचं स्पेलिंग बघा, हे फार नडतं. आपला ज्ञानेश्वर आधारवर डी-एन नं सुरू होतो आणि रेशन कार्डावर, कन्नडातनं इंग्रजीत गेल्यामुळं, जे-एन नं. माणूस एकच पण कॉम्प्युटरला दोन. फॉर्म कन्नडात असतो, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत न्या, त्याला येतं. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र करू नका बाबा.

पोरांचं सोपं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम पोरं तपासायला वर्षातनं एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी पोरगं जत्रेला गेलेलं असलं की वर्ष गेलं, तेव्हा गुरुजींना तारीख विचारून ठेवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आठवड्यात चष्म्याची घाई करू नये. नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो. सरकारी ऑपरेशन असेल तर नंतरचा चष्माही फुकट असतो, पण पुन्हा दाखवायला बोलावलेल्या तारखेला जायलाच पाहिजे, दिसायला लागलं म्हणून ती तारीख कोण पाळतंय!

चष्मा हातात आला की तिथंच घालून बघा. माझ्या वडलांच्या चिठ्ठीवर ॲक्सिस, म्हणजे काच कुठल्या कोनात बसवायची तो आकडा, १८० होता, कुणीतरी उतरवून घेताना एक खाल्ला आणि ८० केला. नंबर बरोबर, काच बरोबर, पण घरात आल्यावर म्हणायला लागले, फरशी तिरकी दिसूलाय. चार दिवस आम्ही बीपीच्या गोळीला दोष देत होतो. तेव्हा मूळ चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये पाहिजेच, आणि उणे-अधिकची खूण नीट उमटलीय का तेही बघायचं.

आणि ज्यांना यातलं काहीच बसत नाही, विकतच घ्यायचाय, त्यांनी पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, बिलावर अजून १२ दिसला तर तिथंच विचारा.