पोखऱ्याच्या विमानात उजवी खिडकी मागा

नाशिकहून नेपाळमधल्या मुक्तिनाथला निघालेली बरीच मंडळी काठमांडू ते पोखरा विमानाने जातात आणि नेमकी चुकीच्या बाजूला बसतात. हिमालय मग पलीकडच्यांच्या डोक्यांमधून बघावा लागतो!

हे विमान पश्चिमेला जातं, म्हणून हिमशिखरं उत्तरेला, म्हणजे उजव्या हाताला. चेक-इनच्या काउंटरवर लवकर पोहोचा आणि उजवी खिडकी, शक्यतो मागची, असं सांगूनच मागा. या मार्गावरच्या एटीआर (छोट्या, पंखेवाल्या इंजिनाच्या) विमानांचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे मागून खालपर्यंत मोकळं दिसतं. पुढे बसलात तर इंजिनाचा फिरता पंखा आड येतो. शिखरं ओळीने दिसतात: गणेश हिमाल, मनास्लू, मग अन्नपूर्णा. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा, तेव्हा मोबाइल आधीच हातात ठेवा.

येताना डावी बाजू. वेळ सकाळची घ्या, दुपारी ढग चढतात.

घरातल्या ज्येष्ठांना खिडकी आधी द्या, हे माझं आग्रहाचं सांगणं.

एक मात्र सांभाळा: धुक्यामुळे पोखऱ्याची विमानं रखडतात. त्याच दिवशी काठमांडूहून भारतात परतायचं तिकीट काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.